हॉफा, निकल्सन आणि शेजारच्या आजोबांची पेन्शन

मे २००६. डेट्रॉइटच्या एका उपनगरात प्रोजेक्टवर होतो. एके दिवशी सकाळी हापिसात गेलो तर कॉफी मशीनपाशी कपकेकचा खोका आणि भोवती घोळका. कपकेकवर चॉकलेटची माती आणि त्या मातीतून वर आलेला प्लॅस्टिकचा हात! सगळे खिदळतायत आणि मला काही कळेना. मग कोणीतरी सांगितलं की मिलफर्ड भागात घोड्यांच्या एका फार्मवर एफबीआयवाले जिमी हॉफाचं प्रेत शोधायला खणतायत आणि तिथल्या बेकरीनं लगेच हे कपकेक काढलेत. हा हॉफा कोण, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "युनियनचा डॉन. १९७५ साली गायब झाला." एवढंच. मीही हसलो आणि एक कपकेक खाल्ला. (चांगला होता.)

संध्याकाळी हा किस्सा मी शेजारच्या म्हाताऱ्याला सांगितला. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणायचो. आयुष्यभर ट्रक चालवून निवृत्त झालेले, हिवाळ्यात न सांगता माझ्याही दारातला बर्फ काढून टाकणारे. त्यांना काही हसू आलं नाही. "हे घर त्या माणसामुळे आहे," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पिक्चर आहे त्याच्यावर. बघ हवं तर. पण त्यात आमचं काही नाहीये."

तेव्हा लायब्ररीतून डीव्हीडी आणून तो पिक्चर पाहिला होता. गेल्या शनिवारी पावसानं घरात अडकलो म्हणून परत पाहिला. आणि आजोबा 'आमचं काही नाहीये' का म्हणाले, ते इतक्या वर्षांनी नीट लक्षात आलं. म्हणून हे पुराण.

पिक्चरचं नाव नुसतं 'हॉफा'. १९९२ च्या नाताळात आला. दिग्दर्शक डॅनी डिव्हिटो (हो, तोच बुटका विनोदी नट), पटकथा डेव्हिड मॅमेटची आणि हॉफा झालाय जॅक निकल्सन. नकली नाक, मागे चापून बसवलेले केस आणि दातांमधून चावून टाकलेली वाक्यं. निकल्सनला या कामासाठी गोल्डन ग्लोबचं नामांकनही मिळालं आणि वर्षातल्या सर्वात वाईट अभिनयाच्या रॅझीचंही. यापेक्षा 'वादग्रस्त' काय असतं सांगा! मला विचाराल तर काम जबरदस्त आहे, पण तो हॉफा कमी आणि निकल्सन जास्त आहे. छायाचित्रणाला आणि मेकपला ऑस्करची नामांकनं होती, ती मात्र शंभर टक्के पटतात. रात्री, पावसात, हेडलाइटच्या उजेडात संपकरी आणि भाडोत्री गुंड भिडतात ते प्रसंग आजही अंगावर येतात. धंदा मात्र यथातथाच झाला.

गोष्टीची रचना अशी. १९७५ सालच्या त्या दुपारी रस्त्याकडेच्या एका खाणावळीबाहेर हॉफा आणि त्याचा उजवा हात बॉबी सियारो गाडीत बसून कोणाची तरी वाट बघतायत आणि मधे मधे आपण मागे जातो. हा सियारो स्वतः डिव्हिटोनं केलाय. पण सियारो नावाचा माणूस कधी नव्हताच! हॉफाच्या चारपाच साथीदारांना एकत्र घोटून ते पात्र बनवलंय. माफियाच्या बाजूचा जो मुख्य माणूस दाखवलाय तोही काल्पनिक. म्हणजे हॉफाच्या एका हाताला एक काल्पनिक मित्र, दुसऱ्या हाताला एक काल्पनिक गुंड. खऱ्या माणसांच्या चरित्रपटात ही सोय फार उपयोगी पडते, अवघड हिशेब त्यांच्या खात्यावर टाकता येतात.

पिक्चर सुरू होतो तेव्हा हॉफा युनियनचा संघटक झालेलाच आहे. रात्री एका ट्रकमध्ये चढतो आणि ड्रायव्हरला युनियनचं महत्त्व पटवायला लागतो. त्याआधीचं काही नाही. आणि मला तर तेच सगळ्यात आवडलं.

जेम्स रिडल हॉफाचा जन्म १९१३ चा, इंडियाना राज्यातल्या ब्राझील नावाच्या गावातला. बाप कोळशाच्या धंद्यात, हा सात वर्षांचा असताना फुफ्फुसाच्या आजारानं गेला. आईनं धुणीभांडी-लाँड्रीची कामं करत चार पोरं वाढवली आणि डेट्रॉइटला आणली. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे क्रोगर या किराणा साखळीच्या गोदामात माल उतरवायचं काम मिळालं. आपल्याकडे माथाडी करतात तेच. ताशी ३२ सेंट, पण ते प्रत्यक्ष माल उतरवण्याच्या वेळाचेच. गाडी आली नाही तर धक्क्यावर तासन् तास फुकट बसायचं, पण बसायचं मात्र! वर एक अत्यंत शिवराळ मुकादम.

१९३१ सालच्या वसंतात एका रात्री फ्लोरिडाहून स्ट्रॉबेरीच्या गाड्या आल्या. अर्धा माल उतरवल्यावर पोरांनी हात थांबवले. अठरा वर्षांचा हॉफा त्यांच्यात पुढे. आता गंमत बघा. बटाट्याची गाडी असती तर मालकानं सरळ सगळ्यांना हाकलून दुसरे आणले असते, मंदीच्या काळात बाहेर माणसांची काय कमी होती? पण स्ट्रॉबेरी सकाळपर्यंत टिकत नाही. तासाभरात कंपनी बोलणी करायला तयार झाली आणि काही दिवसांत लेखी करार झाला. पुढे आयुष्यभर या माणसानं जे काही केलं ते या एका रात्रीचं मोठं रूप आहे असं मला वाटतं. मालकाची गाडी कुठे अडली की सगळ्यात महाग पडते, ती जागा शोधायची आणि नेमकं तिथेच बसायचं.

पुढच्या वर्षी तो टीमस्टर्स या ट्रक ड्रायव्हरांच्या युनियनमध्ये, डेट्रॉइटच्या लोकल २९९ मध्ये गेला. त्याचा तिथला खरा गुरू म्हणजे मिनियापोलिसचा फॅरेल डॉब्स. हा पक्का ट्रॉट्स्कीवादी, १९३४ च्या मिनियापोलिसच्या प्रसिद्ध संपाचा एक पुढारी. डॉब्सची युक्ती अशी होती की गावातले ड्रायव्हर संघटित करून थांबायचं नाही, गावोगाव फिरणारे लांब पल्ल्याचे ट्रक धरायचे. शिकागोच्या गोदामात युनियन असेल तर तिथले हमाल बिगर-युनियन कंपनीची गाडी रिकामीच करणार नाहीत. मग ती कंपनी ओहायोतली असो की नेब्रास्कातली, करार करणं भाग. तो झाला की तिच्या गाड्या जिथे जिथे जातात तिथे पुढची साखळी सुरू. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला डिपेंडन्सी म्हणतो ना, अगदी तेच. एक मोड्यूल अडवा, दहा आपोआप लटकतात.

हॉफा हे सगळं डॉब्सकडून शिकला आणि ते तो उघडपणे मान्य करायचा. आणि १९४१ साली युनियनच्या वरिष्ठांनी डॉब्सच्या मिनियापोलिस लोकलला चिरडायचं ठरवलं तेव्हा डेट्रॉइटहून माणसं घेऊन चिरडायला गेला तोही हॉफाच. त्याच वर्षी डॉब्स आणि त्याच्या साथीदारांवर सरकारनं स्मिथ कायद्याखाली खटला भरला आणि त्यांना तुरुंगात जावं लागलं. डॉब्स पिक्चरमध्ये नाहीच. मॅमेटसारख्या नाटककारानं हा प्रसंग का सोडला देव जाणे. गुरूची विद्या घेऊन गुरूलाच संपवणारा शिष्य, याहून नाट्य ते काय हवं?

पिक्चरचा जीव खरा अडकलाय तो रॉबर्ट केनेडीत. १९५७ मध्ये सिनेटची मॅक्लेलन समिती युनियनमधल्या भ्रष्टाचाराची चौकशी करू लागली आणि तिचा मुख्य वकील होता हा एकतीस वर्षांचा केनेडी. श्रीमंताघरचा मुलगा आणि शाळा सोडलेला हमाल, समोरासमोर! टीव्हीवर अख्खा देश बघत होता. समितीतला एक माणूस लाच देऊन फोडल्याच्या आरोपाखाली हॉफाला अटक झाली. हा सुटला तर मी कॅपिटॉलच्या घुमटावरून उडी मारीन, असं केनेडी पत्रकारांना बोलून बसला. हॉफा सुटला. हॉफाच्या वकिलानं मग केनेडीला पॅराशूट पाठवायची तयारी दाखवली म्हणतात :) त्याच वर्षी हॉफा टीमस्टर्सचा अध्यक्ष झाला आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेतल्या युनियनांच्या महासंघानं या सगळ्यात मोठ्या युनियनला भ्रष्ट म्हणून बाहेर काढलं.

पिक्चरमधला केनेडी म्हणजे एक किरकिरं, लाडावलेलं कार्टं आहे. बघताना टाळ्या हॉफालाच पडतात. पण केनेडीनं बाहेर काढलेलं सगळं काही खोटं नव्हतं. 'टेस्ट फ्लीट' प्रकरण घ्या. १९४८ च्या सुमारास एका वाहतूक कंपनीतला संप हॉफानं मिटवला, कंपनीला हवा तसा. त्यानंतर ट्रक भाड्यानं देणारी एक छोटी कंपनी निघाली आणि तिला काम मिळालं याच वाहतूक कंपनीकडून. मालकीण कोण, तर हॉफाची बायको आणि त्याच्या साथीदाराची बायको, दोघी माहेरच्या नावांनी! गुंडांशी दोस्ती वगैरे मी एक वेळ समजू शकतो. तीसच्या दशकात मालक गुंड आणत, मग युनियनही आणे. पण संप मिटवायचा आणि मग त्याच मालकाशी धंदा करायचा? हे मला पचत नाही. पिक्चरनं मारामाऱ्या मनापासून दाखवल्यात, या दोन सह्यांकडे त्याचं लक्ष नाही.

केनेडी १९६१ साली ॲटर्नी जनरल झाला आणि त्यानं फक्त हॉफासाठी म्हणून वकिलांची एक तुकडीच बसवली. हेही काही फार शोभणारं नव्हतं. आधी माणूस ठरवायचा आणि मग त्याचा गुन्हा शोधायचा. टेस्ट फ्लीटचा खटला १९६२ मध्ये नॅशव्हिलला चालला, ज्यूरीचं एकमत झालं नाही. पण त्या खटल्यात ज्यूरीला फोडायचा प्रयत्न केला म्हणून दुसरा खटला झाला आणि त्यात मार्च १९६४ मध्ये आठ वर्षांची शिक्षा लागली. मुख्य साक्षीदार होता एडवर्ड पार्टिन, युनियनचाच माणूस, स्वतःवरच्या आरोपांतून सुटायला सरकारचा खबऱ्या झालेला. सुप्रीम कोर्टानं ही शिक्षा कायम केली, पण सरन्यायाधीश वॉरन यांनी विरोधी मत नोंदवलं. असला साक्षीदार वापरणं त्यांना न्यायव्यवस्थेलाच कमीपणा आणणारं वाटलं.

आता १९६४ हे साल जरा नीट बघू. मार्चमध्ये एका खटल्यात दोषी, जुलैमध्ये दुसऱ्यात. आणि त्याच वर्षी जानेवारीत हॉफानं आयुष्यातलं सर्वात मोठं काम केलं होतं. देशभरच्या ट्रक ड्रायव्हरांसाठी एकच करार, नॅशनल मास्टर फ्रेट ॲग्रीमेंट. चार लाखांवर ड्रायव्हर आणि गोदाम कामगार त्याखाली आले. तोवर गावोगाव वेगळे दर होते, दक्षिणेतल्या ड्रायव्हरला डेट्रॉइटवाल्यापेक्षा खूप कमी. हॉफानं वर्षानुवर्षं खटपट करून वेगवेगळ्या भागांतले करार एकाच तारखेला संपतील असं जुळवत आणलं होतं. का? तर सगळे एकदम संपावर जाऊ शकतील आणि मालकाला एका गावचं काम दुसऱ्या गावी वळवता येणार नाही म्हणून. पुन्हा स्ट्रॉबेरी!

पिक्चरला या कागदात रस नाही. करारात कॅमेऱ्याला दिसण्यासारखं काय असतं म्हणा. पण आजोबांचं 'आमचं' जे होतं ते तिथे होतं. त्या करारानं घर घेण्याइतका पगार दिला, आणि पेन्शन दिली ती १९५५ मध्ये सुरू झालेल्या सेंट्रल स्टेट्स पेन्शन फंडानं. प्रत्येक कामगारामागे मालकानं दर आठवड्याला ठरावीक रक्कम भरायची. थेंबे थेंबे करत तिथे पैशांचा डोंगर झाला. आणि हाच डोंगर लास वेगासला गेला! सीझर्स पॅलेस, स्टारडस्ट, अशी कॅसिनोंची नावं घ्याल तिथे टीमस्टर्सच्या पेन्शन फंडाचं कर्ज. ज्या माफियाला कुठलीही बँक दारात उभं करत नव्हती त्याची ही बँक झाली. हॉफाची दुसरी शिक्षा, पाच वर्षांची, याच फंडाच्या कर्जांतल्या अफरातफरीची. फ्लोरिडातल्या एका जमिनीच्या योजनेचा त्यात मोठा भाग होता. ते प्लॉट कोणाच्या गळ्यात मारायचे होते माहितीये? टीमस्टर्सच्याच सभासदांच्या.

इथे मला आमचे काका आठवतात. काका मुंबईत एका इंजिनियरिंग कारखान्यात होते आणि डॉक्टर दत्ता सामंतांच्या युनियनमध्ये. सत्तरच्या दशकात त्यांना एका फटक्यात जी पगारवाढ मिळाली तीवर त्यांनी बहिणीचं लग्न केलं. पुढे एका लांबलेल्या संपानंतर कारखाना बंदच झाला. काका शेवटपर्यंत 'डॉक्टर' म्हणताना आवाज खाली आणायचे, काकूला मात्र डॉक्टरांचं नाव घरात काढलेलं चालायचं नाही. एकाच खोलीत दोन इतिहास नांदत होते म्हणा ना.

सामंत आणि हॉफा एका माळेचे मणी नाहीत, हे आधीच सांगतो. सामंत घाटकोपरला खाणकामगारांवर उपचार करता करता युनियनमध्ये आलेले डॉक्टर. त्यांच्यावर जहालपणाचे, हिंसेचे, हटवादाचे आरोप झाले, पण पेन्शन फंडाच्या कॅसिनोसारखी भानगड तिथे नाही. आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात दोनअडीच लाख कामगार त्यांच्यामागे असूनही कायद्यानं बोलणी करायचा हक्क होता तो फक्त मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. म्हणजे हॉफाच्या हातात करार होता, सामंतांच्या हातात नुसती माणसं. सामंतांना १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत गोळ्या घालून मारलं. गिरण्यांवर आपल्याकडे २०१० साली 'लालबाग परळ' आला. त्यात निदान कॅमेरा चाळीतल्या एका घरात शिरतो, संपानंतर त्या घराचं काय होतं ते दाखवतो. 'हॉफा'मध्ये असं एकही घर नाही.

असो. पुन्हा डेट्रॉइट. १९६७ मध्ये हॉफा पेनसिल्व्हेनियातल्या लुईसबर्गच्या तुरुंगात गेला. जाताना खुर्ची सांभाळायला आपला जुना, आज्ञाधारक फ्रँक फिट्झसिमन्स बसवला. (अशा आज्ञाधारक माणसांचं पुढे काय होतं ते आपल्या राजकारणात आपण बघतोच.) डिसेंबर १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सननं उरलेली शिक्षा माफ केली, पण १९८० पर्यंत युनियनच्या कामात पडायचं नाही या अटीवर. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत टीमस्टर्सनं निक्सनला पाठिंबा दिला. हॉफा सुटला तो थेट अट मोडून काढायच्या मागे लागला. त्याला खुर्ची परत हवी होती. माफियाला मात्र फिट्झसिमन्स सोयीचा होता.

३० जुलै १९७५. पिक्चरमधली ती आडरानातली खाणावळ वगैरे काही नाही. ब्लूमफील्ड टाउनशिपमधलं बऱ्यापैकी पॉश रेस्टॉरंट, माकस रेड फॉक्स, रहदारीच्या टेलिग्राफ रोडवर, भर दुपारी. माफियातल्या दोघांशी भेट ठरलेली. अडीचच्या आसपास हॉफानं पब्लिक फोनवरून बायकोला फोन केला, कोणीच आलेलं नाही म्हणून. त्यानंतर तो कोणालाही दिसला नाही. प्रेत नाही, खटला नाही, शिक्षा नाही. १९८२ मध्ये कायद्यानं मृत जाहीर झाला. २००६ चं मिलफर्ड झालं, २०१३ मध्ये मिशिगनमध्येच दुसरीकडे खणलं, नंतर न्यू जर्सीत एका पुलाखालीही शोधलं. कुठेच काही नाही. २०१९ च्या 'द आयरिशमन'मध्ये अल पचिनो हॉफा झाला तेव्हा खून कोणी केला याचं तिसरंच उत्तर आलं, ज्या माणसाच्या कबुलीवर ते उभं आहे त्याच्यावर बऱ्याच अभ्यासकांचा विश्वास नाही. पचिनोचा हॉफा मला निकल्सनपेक्षा जास्त माणूस वाटला, आइसक्रीम खाणारा, उशिरा येणाऱ्यांवर वैतागणारा. पण तिथेही शेवट प्रेतापाशीच.

आणि गोष्ट तर प्रेतानंतरच चालू राहते. १९८० मध्ये ट्रक वाहतुकीवरची सरकारी बंधनं उठली, बिगर-युनियन कंपन्या स्वस्तात धावू लागल्या आणि मास्टर करारातल्या जुन्या कंपन्या एकेक करून बुडाल्या. फंडात भरणारे कमी, घेणारे जास्त. फंडाचा कारभार तोवर कधीच बाहेरच्या व्यावसायिक संस्थांकडे गेलेला होता, माफिया गेला होता, तरी हिशेब जमेना. त्यात २००८ ची मंदी. २०१५ च्या ऑक्टोबरात निवृत्त ड्रायव्हरांच्या घरोघरी पत्रं गेली की फंड वाचवायचा तर पेन्शन कापावी लागेल.

मी तेव्हा पुण्याला परत आलो होतो. आजोबांची मुलगी मधे मधे मेल करायची, तिनं त्या पत्राबद्दल कळवलं. आजोबांचा आकडा जवळजवळ निम्मा होणार होता. वय ऐंशीच्या घरात. ऐंशीव्या वर्षी ट्रकवर परत जाणार का माणूस? पुढच्या मे महिन्यात अमेरिकेच्या अर्थखात्यानं ती कपात नामंजूर केली. पण फंड बुडण्याची तारीख तशीच पुढे उभी. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये बायडन सरकारनं या एकट्या फंडाला सुमारे ३६ अब्ज डॉलर दिले. साडेतीन लाखांच्या आसपास कामगार आणि निवृत्तांची पेन्शन त्यामुळे वाचली.

आजोबा त्याच्या दोन वर्षं आधीच गेले. मुलीनं सांगितलं की आईला त्यांच्यामागे अर्धी पेन्शन मिळते, तारखेला येते, आणि बर्फ काढायला आता पैसे देऊन माणूस ठेवलाय.